महापौरांच्या आठवड्याच्या कार्यक्रमपत्रिकेत खरं काम कुठलं?

विरंगुळा_सभासद

मंडळी नमस्कार. प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतोच. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन पुढच्या महिन्यात आहे आणि कार्यकारिणीत ठरलंय की यंदा महापौरांना बोलवायचं. पत्राचं काम माझ्याकडे आलं कारण मला मोबाइलवर मराठी टाइप करता येतं, बाकी पात्रता काही नाही. तर महापौर कार्यालयाची आठवडाभराच्या कार्यक्रमांची एक पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत असते, ती मी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचली. सोमवारी सकाळी प्रतिमापूजन, मग अभ्यागत भेटी, दुपारी कुठल्या तरी विभागाची आढावा बैठक, मंगळवारी शाळेचं स्नेहसंमेलन, ड्रेनेज लाइनचं भूमिपूजन, बुधवारी पाहणी दौरा, संध्याकाळी हळदीकुंकू, गुरुवारी सभा, शुक्रवारी कबड्डी स्पर्धेचं उद्घाटन, आणि शनिवार-रविवार तर विचारू नका, सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत नुसतं हा हॉल ते तो हॉल.

वाचून दमलो. पण मग विचार आला की हा माणूस काम कधी करतो? की हेच काम आहे? आमचे एक सभासद म्हणतात महापौरांना कसलाच अधिकार नसतो, सगळं आयुक्त करतात, मग बोलवायचं कशाला. दुसरे म्हणतात प्रथम नागरिक आहेत, आले तर संघाची शोभा.

मला शोभेपेक्षा वेगळंच डोक्यात आहे. विरंगुळा केंद्रासमोरचा रस्ता ओलांडताना आमच्या लोकांचा जीव मुठीत असतो. झेब्रा पट्टे पुसून गेलेत, गतिरोधक मागितला तर पालिका म्हणते ट्रॅफिक पोलिसांना विचारा, ते म्हणतात पालिकेला विचारा. हे महापौरांच्या कानावर घालण्यात अर्थ आहे का? शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही, आमच्या ग्रुपवरचे लोक इथेही असतात.

---

निवृत्त_आस्थापना

अहो अर्थ आहे, पण कुठल्या वेळी आणि कुठल्या कागदावर घालता त्यावर आहे. मी एका ड वर्ग महापालिकेत नोकरी केली, त्यातली काही वर्षं महापौर कार्यालयात बसायचो त्यामुळे ही पीडीएफ कशी तयार होते ते माहीत आहे.

आधी अधिकाराचं. तुमचे सभासद कायद्यानं बरोबर आहेत. मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा आहे, बाकी महाराष्ट्रातल्या महापालिका 1949 च्या अधिनियमावर चालतात. दोन्हीकडे अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांचा आणि आयुक्त शासन नेमतं. खर्चाच्या मोठ्या निविदा स्थायी समितीकडे, 1949 च्या कायद्यात तिचे 16 सदस्य असतात. महापौर कोण तर नगरसेवकांनी अडीच वर्षांसाठी निवडलेला सभागृहाचा अध्यक्ष. मतं समसमान पडली तर निर्णायक मत. महापौर म्हणजे लग्नातला मामा आहे, मान पहिला पण हॉलचं बिल दुसराच कोणी भरतो.

आता आठवडा. पीडीएफमध्ये 'अभ्यागत भेटी' असं दोन शब्दांत उरकलेलं असतं ना, तो खरा कारखाना. सकाळी दहाला दालनाबाहेर रांग लागते. कोणाला शाळेत प्रवेश हवा, कोणाचं पाण्याचं बिल चुकलंय, कोणाला दवाखान्याच्या बिलात सूट, बदली हवी असलेले आमचेच कर्मचारी, मंडळांचे कार्यकर्ते वर्गणीला, आणि एखादा रोज येणारा असतोच ज्याला काहीच नको असतं, फक्त बसायचं असतं, त्यालाही चहा. महापौर प्रत्येक अर्जावर शेरा मारतात आणि अर्ज विभागाकडे जातो. आता हा शेरा वाचायला शिका. 'नियमानुसार कार्यवाही करावी' असं लिहिलं असेल तर समजा अर्ज गेला, त्याच्यावर कोणी काही करत नाही कारण नियमानुसार तर सगळंच व्हायचं असतं. 'तपासून अमुक तारखेपर्यंत अहवाल सादर करावा' असं लिहिलं असेल आणि खाली कुठल्या अधिकाऱ्याला ते नाव पदासकट असेल तर तो कागद हलतो. का, तर तारखेनंतर पीए फोन करतो. आमच्याकडे एका महापौरांचा पीए वहीत तारखा लिहून ठेवायचा आणि दर शुक्रवारी दुपारी एकेका विभागाला फोन लावत बसायचा, अधिकारी त्याला महापौरांपेक्षा जास्त घाबरायचे.

सभेच्या आदल्या दिवशी पक्षाची बैठक असते, ती पीडीएफमध्ये कधीच नसते. कुठला विषय मंजूर, कुठला पुढे ढकलायचा हे तिथेच ठरतं.

दशक्रिया विधी पण पीडीएफमध्ये नसतो. सकाळी सातला घाटावर जायचं, दोन मिनिटं श्रद्धांजली बोलायची, मग पुढे. लोक हसतात याला पण मी बघितलंय, ज्या घरी दहाव्याला गेले त्या घरातला माणूस पुढे महिनाभरात दालनात येतो आणि गल्लीतल्या नळाचं, दिव्याचं खरं काय ते सांगतो. अधिकाऱ्याला कोणी असं सांगत नाही.

---

चौकातला_शहाणा

काका तुम्ही फारच गोड लिहिलंय. मी सरळ सांगतो, सगळं फोटोसाठी. एकाच रस्त्याचं भूमिपूजन आधी नगरसेवक करतो, मग महापौर, मग आमदार, रस्ता मात्र तिथल्या तिथे. निवडणुका रखडल्या तेव्हा 2022 पासून जवळपास चार वर्षं मुंबई-पुण्यासकट कितीतरी शहरांत महापौरच नव्हते, प्रशासक होते. काय बिघडलं? पाणी येत होतं, कचरा उचलला जात होता. मग हे पद कशाला पाहिजे, गाडी, बंगला, शिपाई सगळा खर्च आपलाच.

---

सिटीडेस्क

चौकातला_शहाणा, मी पालिका कव्हर करतो म्हणून सांगतो काय बिघडलं ते. सभा बंद झाली. म्हणजे कागदावर प्रशासक स्वतःच स्थायी समिती आणि स्वतःच सर्वसाधारण सभा, प्रस्ताव मांडणारा तोच आणि मंजूर करणारा तोच. आधी विषयपत्रिका यायची, विरोधी नगरसेवक ती फोडून आम्हाला द्यायचे, दुसऱ्या दिवशी बातमी, त्या दिवशी सभेत गोंधळ. निदान कळायचं तरी की काय चाललंय. त्या काळात ठराव झाल्यावर कळायचं, तेही कोणी शोधलं तर.

महापौरांच्या आठवड्यात बघायची गोष्ट म्हणजे ती सभा. कायद्यानं महिन्यातून निदान एक व्हायलाच लागते. पुण्यात तिला मुख्य सभा म्हणतात, इतर ठिकाणी महासभा. आणि तिथे महापौरांकडे खरी ताकद असते, कोणाला किती वेळ बोलू द्यायचं, कुठला विषय आधी घ्यायचा, कधी सभा तहकूब करायची. शोकप्रस्ताव मांडून सभा तहकूब करणं हा तर जुना खेळ आहे, अडचणीचा विषय असला की नेमका त्या दिवशी श्रद्धांजली लांबते. 'दप्तरी दाखल' हा शब्द ऐकलाय का, म्हणजे विषय सन्मानानं मारून टाकला. आणि गोंधळात पन्नास विषय मंजूर झाले असं छापून येतं ना, तेव्हा आसनावर कोण होतं ते बघत जा. चांगला महापौर आयुक्तांना सभागृहात उभं करून उत्तर द्यायला लावतो आणि उत्तर अर्धवट असलं तर 'पुढच्या सभेत लेखी खुलासा' असा आदेश देतो, तो इतिवृत्तात येतो. हे मी भांडणाऱ्या, आवाज चढवणाऱ्या महापौरांकडे नाही बघितलं, शांतपणे चष्मा काढून प्रश्न परत विचारणाऱ्यांकडे बघितलंय.

अर्थात सभेनं ठराव केला म्हणून झालं असंही नाही. आयुक्तांना वाटलं ठराव कायद्याबाहेर आहे तर ते शासनाकडे पाठवतात आणि शासन तो विखंडित म्हणजे रद्द करू शकतं. तेव्हा अधिकार कमीच, मान्य आहे. पण प्रश्न विचारायची खुर्ची आहे ना.

बाकी फोटोचं म्हणाल तर रोज सकाळी आम्हालाही तीच पीडीएफ येते. आम्ही त्यात फक्त 'पाहणी' आणि 'आढावा' हे दोन शब्द शोधतो, बाकी फोटोग्राफरला पाठवून देतो.

---

रंकाळ्यावरनं

आमच्या कोल्हापुरात या म्हणावं अडीच वर्षं मोजायला. इथं कितीतरी वर्षं पदाची खांडोळी चालायची, एकाला काही महिने, मग राजीनामा, मग दुसऱ्याला काही महिने, सगळ्यांना खूश ठेवायचं. माणूस दालनातल्या खुर्चीवर जरा टेकतोय तोवर सत्काराचे हार वाळायच्या आत निरोपाचा सत्कार. त्यात कुठला आढावा आणि कुठली पाहणी. अधिकाऱ्याला पण माहीत असतं की हे चार दिवसाचं पाव्हणं हाय, हो साहेब हो साहेब म्हणायचं आणि फाइल खाली ठेवायची. भावा त्यामुळं तुमच्या महापौरांची किती मुदत उरलीय ते बघूनच पत्र लिवा, जाणाऱ्याला पत्र देऊन उपयोग न्हाई.

---

मंडईजवळ_राहणारी

कार्यक्रम म्हणजे सगळा फापटपसारा असं मी म्हणणार नाही हं. काही मान शहराचे असतात, ते कोणी तरी लोकांमधून निवडून आलेल्यानेच करावेत. पुण्यात विसर्जन मिरवणूक निघते तेव्हा मंडईतल्या टिळक पुतळ्यापाशी कसबा गणपतीची पूजा महापौर करतात आणि मग मिरवणूक हलते. आषाढी वारीत ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी शहरात येते तेव्हाही स्वागताला महापौर, दोन्ही पालख्यांचा मुक्काम इथे पेठांत, एक भवानी पेठेत पालखी विठोबाला, एक नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आता लोकांना वाटतं नारळ दिला, हार घातला, संपलं. पण पालखीच्या आधीच्या पंधरवड्यात पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, शाळांचे वर्ग रिकामे करून देणं, औषधोपचार, यासाठी ज्या बैठका होतात त्यात महापौर बसले की आरोग्य खातं, पाणीपुरवठा, पोलीस सगळे एका टेबलाला येतात. एरवी ते एकमेकांना पत्रं लिहीत बसतात. तुमचा झेब्रा पट्ट्यांचा प्रश्नही तोच आहे की, दोन खात्यांच्या मधला.

आणि चौकातले_शहाणे, कोविडमध्ये मुंबईच्या तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या होत्या, एप्रिल 2020 मध्ये. त्या आधी स्वतः परिचारिका होत्याच. फोटो आला, हो आला. पण ज्या काळात लोक हॉस्पिटलच्या दारात जायला घाबरत होते त्या काळात तो फोटो येणं हेच काम होतं असं माझं मत आहे. भूमिपूजनाच्या फोटोत आणि त्या फोटोत फरक करता यायला पाहिजे एवढंच.

---

चौकातला_शहाणा

बरं तो फोटो सोडून दिला. पण हळदीकुंकू आणि कबड्डी?

---

मंडईजवळ_राहणारी

कबड्डी राहू द्या, हळदीकुंकवाला या एकदा. आमच्याकडे एका वस्तीत सार्वजनिक शौचालयाला आतून कडीच नाही हे वाण घ्यायला आलेल्या बायकांनी महापौर बाईंना घेरून सांगितलं होतं. पुरुषांच्या आढावा बैठकीत हा विषय निघाला नसता.

---

राजवाडा_इंदूर

मी इंदूरचा मराठी, आमच्याकडचं सांगतो. मध्य प्रदेशात महापौर थेट जनता निवडते, पाच वर्षांसाठी, आणि त्याची स्वतःची महापौर परिषद असते ज्यात एकेका सदस्याकडे पाणी, आरोग्य, रस्ते असं एकेक खातं. सभा चालवायला सभापती वेगळा. त्यामुळे इथे महापौरांच्या आठवड्यात आढावा बैठका खूप असतात आणि लोक पण हक्कानं भांडतात की मत तुम्हाला दिलंय तर उत्तर तुम्हीच द्या. स्वच्छतेत शहराचं नाव झालं तेव्हा महापौर पण श्रेय घेत होत्या आणि आयुक्त पण, वाद नको म्हणून आम्ही दोघांना देऊन टाकलं. तरी आयएएस आयुक्त इथेही आहेच आणि त्याचं वजन कमी नाही. तुमच्याकडे मुंबईत पण 1998 च्या सुमारास मेयर इन कौन्सिल, म्हणजे अशीच महापौर परिषद, आणलं होतं ना, लगेच गुंडाळलं पण. माझे काका तेव्हा गिरगावात होते, ते म्हणायचे कोणाला विचारायचं हेच कळेना.

---

बे_एरियातला_कोथरूडकर

गंमत म्हणून लिहितो, मी सॅन होजेला राहतो, हे पुण्याचं भगिनी शहर आहे 1992 पासून. इथला महापौर लोकांनी थेट निवडलेला असतो पण रोजचा कारभार नेमलेला सिटी मॅनेजर बघतो, म्हणजे आपल्या आयुक्तांसारखंच काहीसं. कौन्सिलमध्ये महापौर धरून 11 जण, महापौराचं मत एकच. मंगळवारी बैठक असते आणि कोणीही जाऊन माइकवर बोलू शकतो, मोजकी मिनिटं मिळतात, बझर वाजला की खाली बसायचं. मी एकदा बसच्या थांब्याबद्दल बोललो होतो, माझ्या आधीचा माणूस कबुतरांवर बोलत होता. सांगायचं हे की इथे महापौर आणि कौन्सिल सदस्य कोणाकोणाला भेटले याची कॅलेंडरं पालिकेच्या साइटवर टाकतात, बिल्डर भेटला तर तेही. तुमच्या पीडीएफमध्ये 'अभ्यागत भेटी' एवढंच लिहितात तिथे नावं यायला लागली तर सिटीडेस्कवाल्यांची नोकरी सोपी होईल.

---

सिटीडेस्क

सोपी कसली, पीडीएफच बंद होईल 😄

---

अर्जदार_क्र_1

विरंगुळा काका, गप्पा छान चालल्यात पण तुमचं काम राहिलं. मी माहिती अधिकारवाला, क्रमानं सांगतो. पहिलं पत्र तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाला, काही शहरांत प्रभाग कार्यालय म्हणतात, पट्टे रंगवणं ही तिथली किंवा पथ विभागाची गोष्ट आहे, त्याला महापौर लागत नाही. गतिरोधकासाठी वाहतूक पोलिसांचं ना हरकत लागतं, तेव्हा दुसरं पत्र वाहतूक शाखेला आणि त्यात पहिल्या पत्राचा संदर्भ. नगरसेवकाला सोडू नका, चांगला असला तर तो प्रभाग समितीत विषय काढतो आणि महिन्याभरात हलतं.

हे करून झालं नाही तर लोकशाही दिन आहे, महिन्याचा पहिला सोमवार, महापालिकेत तो आयुक्तांपुढे होतो, महापौरांपुढे नाही, तिथे अर्ज ठरलेल्या नमुन्यात आणि आगाऊ द्यावा लागतो. शिवाय पुण्यात सोमवारी दुपारी 3 ते 5 फाइल बघायला मिळायच्या, ही पद्धत तिथे सुरू झाली, तुमच्याकडे आहे का विचारा, फाइल हातात आली की निम्मी भांडणं मिटतात कारण कोणाच्या टेबलावर अडलंय ते दिसतं. अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धतही पुण्यात 2006 पासून आहे, अशी छोटी कामं त्यात बसतात.

महापौर कधी? जेव्हा दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तुमच्याकडे दोघांच्या उत्तरांच्या प्रती असतात तेव्हा. रिकाम्या हातानं गेलात तर 'बघतो' एवढंच मिळेल, आणि त्यात त्यांची चूक नाही.

---

विरंगुळा_सभासद

सगळ्यांचे आभार. काल कार्यकारिणीत हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला, रंकाळ्यावरनं यांच्या पोस्टला टाळ्या पडल्या. वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर, शाल द्यायची की पुस्तक, त्यात पाऊण तास गेला. शेवटी असं ठरलं की वर्धापनदिनाला बोलवायचं पण कार्यक्रम रविवारी संध्याकाळी न ठेवता बुधवारी सकाळी ठेवायचा, कारण बुधवारी पाहणी दौरा असतो आणि पथ विभागाचे अभियंते गाडीत बरोबर असतात. भाषण हॉलमध्ये, पण गाडीतून उतरून रस्ता पायी ओलांडून हॉलमध्ये यायचं, आमच्या एका आजींच्या बरोबर. त्यांचं वय 84 आहे आणि त्या अजिबात घाई करत नाहीत. ही आयडिया त्यांचीच.

क्षेत्रीय कार्यालयाचं आणि वाहतूक शाखेचं पत्र उद्या देतोय. निवृत्त काका, महापौरांच्या पत्रात रस्त्याचा विषय आधी लिहू की निमंत्रण आधी?

---

निवृत्त_आस्थापना

दोन वेगळी पत्रं करा. एकत्र लिहिलंत तर ते निमंत्रणांच्या गठ्ठ्यात जाईल आणि पीए फक्त तारीख बघून बाजूला ठेवेल. निमंत्रण पीएच्या हातात द्या, महिनाभर आधी, आणि दोन दिवस आधी परत फोन करा. रस्त्याचं पत्र आवक-जावकला द्या, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन या. शिक्का पुसट आला तर परत मारायला सांगा, लाजू नका.